तुरुंगापासून वर्गापर्यंत : प्रा. वामन मल्हार जोशी

वऱ्हाडांत चांदूर या नांवाचीं दोन मोठीं गांवें आहेत. एक नागपूर-भुसावळ लोहमार्गावरचें. बडनेरा आणि धामणगांव यांच्या दरम्यान तें लागतें आणि त्याला चांदूर रेल्वे म्हणतात. दुसरें अचलपुराच्या बाजूचें. तें चांदूर बाजार. दोन्ही अमरावती जिल्ह्यांतच आणि दोन्ही तालुक्याचीं ठिकाणें. नांवापुढें 'रेल्वे' कीं 'बाजार' हें लिहावयाचें राहिलें, तर पत्र भलत्याच गांवीं जावयाचें आणि पाहुणा भलत्याच वाटेला लागावयाचा. त्यामुळें चांदूर रेल्वेच्या माणसाला एक गोष्ट लहानपणींच कळून चुकते. नांव एक असलें म्हणजे वस्तूहि एकच असते असें नाहीं. आणि वस्तू दोन असल्या म्हणजे त्यांतली एक खरी व दुसरी खोटी असतेच, असेंहि नाहीं.

'वामनराव जोशी' या नांवाची गोष्ट अशीच आहे. चांदूरच्या किंवा अमरावतीच्या एखाद्या जुन्या घरांत हें नांव उच्चारलें, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढें प्रथम उभे राहतात ते वीर वामनराव. अमरावतीचे हे वामन गोपाळ जोशी १८८१ सालीं जन्मले आणि १९५६ सालीं वारले. 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' हें त्यांचें नाटक केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श मंडळीनें गाजविलें. 'रणदुंदुभि' मधील पदें मास्टर दीनानाथांच्या कंठांतून घरोघर पोंचलीं. राष्ट्रीय चळवळींत त्यांनीं कारावास सोसला. लोकांनीं त्यांच्या नांवामागें 'वीर' ही पदवी लावली आणि ती कायमची राहिली.

दुसरे वामनराव यांच्याहून अवघ्या एका वर्षानें लहान. कुलाबा जिल्ह्यांतील तळें या गांवीं २१ जानेवारी १८८२ रोजीं त्यांचा जन्म झाला. हे वामन मल्हार जोशी. यांनींहि राष्ट्रीय चळवळींत तुरुंगवास भोगला, आणि तोहि तीन वर्षें सक्तमजुरीचा. परंतु यांना कोणी 'वीर' म्हटलें नाहीं. यांच्या नांवामागें लागली ती 'प्राध्यापक' ही पदवी, आणि मराठी वाचकांच्या स्मरणांत ते राहिले ते समतोल बुद्धीचे, प्रतिपक्षाचें म्हणणें मान देऊन ऐकणारे, कोणताहि निर्णय देण्यापूर्वीं दोन्ही पारडीं पुन्हा एकदां पाहणारे विचारवंत म्हणून. राजकीय कार्यांत पोळून निघालेला मनुष्य पुढें इतका न्यायबुद्धीचा कसा राहूं शकला, हा प्रश्न आजच्या काळींहि विचारण्यासारखा आहे. कारण मतासाठीं शिक्षा भोगलेल्या मनुष्याला तें मत आपल्या प्राणाहून प्रिय होतें. आणि प्राणप्रिय वस्तु तराजूंत घालण्यास सहसा कोणी तयार होत नाहीं.

या प्रश्नाचा उलगडा होण्यास त्या काळाकडे पाहिलें पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभीं उच्च शिक्षण हें फार थोड्यांच्या वांट्याला येत असे. वऱ्हाडापुरतें बोलावयाचें, तर १९२३ सालीं अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज निघेपर्यंत येथील मुलाला पदवी घ्यावयाची म्हणजे चांदुरास किंवा बडनेऱ्यास आगगाडींत बसून नागपूरचें हिस्लॉप अथवा मॉरिस कॉलेज गांठावें लागे, नाहीं तर उलट दिशेनें मुंबई-पुण्याची वाट धरावी लागे. इतक्या सायासानें मिळविलेल्या पदवीचें चीज सरकारी नोकरींत करावें, अशी घरच्यांची स्वाभाविक अपेक्षा असे. वामन मल्हारांनीं १९०६ सालीं तत्त्वज्ञान हा विषय घेऊन एम्. ए. ची पदवी मिळविली. त्या पदवीवर सुखाची, मानाची आणि निवृत्तिवेतनाची वाट उघडी होती. ते गेले मात्र कोल्हापुरास, विष्णु गोविंद विजापूरकर यांच्या समर्थ विद्यालयांत.

विजापूरकर हे संस्कृतचे व्युत्पन्न पंडित. कोल्हापुरच्या राजाराम कॉलेजांत ते प्राध्यापक होते आणि 'ग्रंथमाला' हें मासिक चालवून त्यांनीं मराठी वाचकांना अनेक गंभीर ग्रंथांची ओळख करून दिली होती. शिक्षण स्वभाषेंतून असावें, तें हाताला काम शिकविणारें असावें, आणि विद्यार्थ्याच्या मनांत स्वदेशाविषयीं अभिमान उत्पन्न करणारें असावें, या हेतूनें त्यांनीं १९०६ सालीं समर्थ विद्यालय काढलें. बंगालची फाळणी नुकतीच झालेली. स्वदेशी, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण आणि स्वराज्य ही चतुःसूत्री सर्वतोमुखीं झालेली. अशा वेळीं राष्ट्रीय शाळेंत शिक्षक होणें म्हणजेच राजकारणांत पडणें होतें. सरकारहि तसेंच समजत असे. शाळेच्या जोडीला 'विश्ववृत्त' नांवाचें मासिक निघे. त्याच्या संपादनांत वामन मल्हार विजापूरकरांचे सहकारी होते.

मग १९०८ साल उजाडलें. एप्रिलांत मुझफ्फरपूर येथें बॉम्बचा स्फोट झाला आणि सरकारची दृष्टि वृत्तपत्रांकडे वळली. जुलै महिन्यांत मुंबईच्या हायकोर्टांत लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. ज्यूरींतील नवांपैकीं सात जणांनीं त्यांना दोषी ठरविलें आणि न्यायमूर्ति दावर यांनीं सहा वर्षें काळ्या पाण्याची शिक्षा फर्माविली. 'काळ'कर्ते शिवराम महादेव परांजपे यांनाहि त्याच वर्षीं तुरुंगांत जावें लागलें. टिळकांच्या अपिलाची खटपट करण्यासाठीं अमरावतीचे दादासाहेब खापर्डे विलायतेस गेले, तीहि याच वर्षींची गोष्ट. महाराष्ट्रांत आणि वऱ्हाडांत, ज्या घरांत वृत्तपत्र येई त्या प्रत्येक घरांत त्या पावसाळ्यांत एकच विषय होता.

'विश्ववृत्ता'वरील खटला याच वर्षींचा. मासिकांत वैदिक प्रार्थनांच्या तेजस्वितेविषयीं एक लेख प्रसिद्ध झाला होता. लेखक होते श्रीपाद दामोदर सातवळेकर, जे पुढें वेदांचे भाष्यकार म्हणून साऱ्या देशांत विख्यात झाले. वेदांतील प्रार्थना दुबळ्या मनाच्या नसून पराक्रमी मनाच्या आहेत, असा त्या लेखाचा रोंख. सरकारनें त्यांत राजद्रोह पाहिला. विजापूरकर आणि वामन मल्हार जोशी या दोघांवर खटला झाला आणि वामन मल्हारांना तीन वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. लेख दुसऱ्याचा होता. परंतु तो छापणारांत आपण आहों, ही जबाबदारी या सव्वीस वर्षांच्या तरुणाच्या माथीं आली. ज्या विद्यालयासाठीं नोकरीवर पाणी सोडलें, तें विद्यालयहि टिकलें नाहीं. पुढें तळेगांवास हललेली ती शाळा १९१० सालीं सरकारनें बंद पाडली.

त्या वर्षींच्या खटल्यांत एक समान सूत्र दिसतें. प्रत्येक ठिकाणीं वाद शब्दांच्या अर्थाचा होता. टिळकांनीं कोर्टापुढें दीर्घ भाषण केलें, त्यांतील मोठा भाग आपल्या मराठी लेखांचीं इंग्रजी भाषांतरें कशीं चुकीचीं आहेत, हें दाखविण्यांत गेला. 'विश्ववृत्ता'च्या बाबतींत तर हजारों वर्षांपूर्वींच्या ऋचांचा अर्थ काय आणि त्या आज छापल्या तर त्यांतून काय निघतें, हाच प्रश्न होता. एका पक्षानें काढलेला अर्थ हाच एकमेव अर्थ म्हणून गृहीत धरला गेला आणि त्यावर माणसांचीं वर्षें तुरुंगांत गेलीं. अशा प्रसंगांतून गेलेला मनुष्य दोन प्रकारचा होऊं शकतो. आपल्या शब्दांचा विपर्यास करणाऱ्यांच्या शब्दांचा आपणहि तसाच विपर्यास करावा, असें एकाला वाटेल. तर दुसऱ्याला वाटेल कीं, जो अन्याय आपणांवर झाला तो आपल्या हातून कोणावरहि होऊं नये. वामन मल्हारांचें पुढचें सारें लेखन पाहिलें, तर ते दुसऱ्या प्रकारचे निघाले यांत शंका राहत नाहीं.

सुटकेनंतर कांहीं वर्षांतच 'मनोरंजन' मासिकांतून त्यांची 'रागिणी' ही कादंबरी येऊं लागली, आणि १९१५ सालीं ती पुस्तकरूपानें निघाली. तिला त्यांनीं 'काव्यशास्त्रविनोद' असें दुसरें नांव दिलें होतें. तुरुंगांतून आलेल्या राष्ट्रीय वृत्तीच्या लेखकाकडून वाचकांनीं कदाचित् आवेशाची अपेक्षा केली असती. त्यांना मिळाला तो वादविवाद. स्त्रियांचे हक्क, विवाहाचें बंधन, वेदान्त आणि संसार, असे प्रश्न या कादंबरींतील माणसें बैठकींत बसून, जेवतांना, फिरावयास जातांना चर्चितात. उत्तरा ही स्त्रीहक्कांची कैवारीण. तिच्याशीं वाद घालणारे भय्यासाहेब जुन्या पक्षाचे. वाचक उत्तरेकडे झुकतो न झुकतो तोंच भय्यासाहेब असें कांहीं बोलतात कीं, तेंहि खोडून काढतां येऊं नये. आणि त्यांचें पटूं लागावें तों उत्तरा पुन्हा उत्तर देते. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्यांनीं मराठी वाचकाला स्त्रीच्या दुःखानें रडविलें होतें. वामन मल्हारांनीं तोच प्रश्न त्याच्यापुढें विचारासाठीं ठेवला. ही कादंबरी त्या काळीं अतिशय आवडीनें वाचली गेली. मराठींत तत्त्वचर्चात्मक कादंबरीची वाट तिनें रुळविली.

कांहीं काळ वृत्तपत्रव्यवसायांत घालविल्यावर १९१८ च्या सुमारास ते पुण्याजवळ हिंगणें येथें धोंडो केशव कर्वे यांच्या संस्थेंत अध्यापक म्हणून गेले. हें पाऊल नीट समजून घेतलें पाहिजे. 'राजकारण सोडलें आणि प्राध्यापक झाले' एवढेंच म्हटलें, तर एखाद्यानें वादळ टाळून सुरक्षित बंदर गांठलें असें वाटेल. पण हें बंदर तसें नव्हतें. कर्व्यांनीं १८९६ सालीं विधवांसाठीं आश्रम काढला, १९०७ सालीं महिला विद्यालय सुरू केलें, आणि १९१६ सालीं भारतवर्षीय महिला विद्यापीठाची स्थापना केली. हें विद्यापीठ मूठभर विद्यार्थिनींवर सुरू झालें. १९२० सालीं सर विठ्ठलदास ठाकरसी यांच्या पंधरा लक्ष रुपयांच्या देणगीनें त्याला स्थैर्य आलें आणि ठाकरसींच्या मातोश्री नाथीबाई यांचें नांव त्यास मिळालें. परंतु कायद्यानें विद्यापीठाचा दर्जा मिळावयास १९५१ साल उजाडावें लागलें. म्हणजे वामन मल्हारांच्या हयातींत त्या विद्यापीठाची 'गृहीतागमा' ही पदवी सरकारदरबारीं फारशी मोलाची नव्हती. तेथें शिकविणाऱ्यास संपत्ति मिळण्याजोगी नव्हती आणि अधिकार तर नव्हताच.

शिवाय या विद्यापीठाचा एक विशेष होता. तेथें शिक्षण मातृभाषेंतून दिलें जाई. इंग्रजी हा केवळ एक विषय होता. समर्थ विद्यालयाचा जो पाया होता तोच येथेंहि होता. सरकारच्या कृपेवर न चालणारी शाळा, स्वभाषेंतून शिक्षण, आणि ज्यांना आजवर विद्या मिळाली नाहीं त्यांच्यापर्यंत ती नेण्याचा हट्ट. कोल्हापूरहून हिंगण्यास येतांना वामन मल्हारांनीं कार्यक्षेत्र बदललें. कार्याचा मूळ हेतु बदलला नाहीं. चळवळींत त्यांनीं राष्ट्राच्या स्वातंत्र्याचा विचार केला, वर्गांत माणसाच्या बुद्धीच्या स्वातंत्र्याचा.

मातृभाषेंतून तत्त्वज्ञान शिकवावयाचें म्हणजे प्रथम शब्द शोधावे लागतात. इंग्रजी पुस्तकांतून नीतिशास्त्र शिकविणाऱ्या प्राध्यापकाची अर्धी अडचण पुस्तकच दूर करतें. हिंगण्याच्या वर्गांत तें साधन नव्हतें. १९१९ सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा 'नीतिशास्त्रप्रवेश' हा ग्रंथ या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. चांगलें म्हणजे काय, कर्तव्य कशास म्हणावें, सुख हें साध्य कीं साधन, हे प्रश्न मराठींत व्यवस्थित मांडून दाखविण्याचें काम त्यानें केलें. सॉक्रेटिसाचे संवादहि त्यांनीं मराठींत आणले. आपल्या मतासाठीं इसवी सनापूर्वीं ३९९ सालीं अथेन्सच्या न्यायसभेपुढें उभा राहिलेला, शिक्षा झाल्यावर पळून जाण्याची संधि नाकारून विषाचा पेला घेणारा, आणि शेवटपर्यंत मित्रांना प्रश्नच विचारीत राहणारा तो ग्रीक तत्त्वज्ञ वामन मल्हारांना जवळचा वाटला असल्यास नवल नाहीं. पुढें त्यांनाच 'महाराष्ट्राचा सॉक्रेटिस' म्हणण्याचा प्रघात पडला.

येथें एक गोष्ट विशेष लक्षांत घेण्यासारखी आहे. स्त्रियांनीं शिकावें कीं नाहीं, विधवेनें पुनर्विवाह करावा कीं नाहीं, यावर त्या काळीं महाराष्ट्रांत पुरुषांच्या सभा भरत आणि पुरुषच ठराव करीत. वामन मल्हार हे प्रश्न बोलत ते ज्यांच्या आयुष्याचा त्यांत निकाल लागावयाचा होता, अशा विद्यार्थिनींपुढें. कित्येकींनीं वैधव्याचें दुःख भोगलें होतें, कित्येकी घरच्यांचा रोष पत्करून आल्या होत्या. अशा वर्गापुढें जुन्या मताची टिंगल करून टाळ्या मिळविणें सोपें. जुन्या मताचा धाक घालून त्यांना गप्प बसविणेंहि सोपें. कठीण तें हें, कीं दोन्ही बाजू खऱ्या ताकदीनिशीं मांडाव्या आणि निवड करण्याचा अधिकार ऐकणारीकडे ठेवावा. निःपक्षपातीपणा हा येथें केवळ स्वभावाचा गोडवा राहत नाहीं. विद्यार्थ्याच्या बुद्धीचा मान राखण्याचा तो एकच मार्ग ठरतो.

त्यांच्या कादंबऱ्यांतूनहि हीच रीत उत्तरोत्तर स्पष्ट होत गेली. १९३० सालच्या 'सुशीलेचा देव' या कादंबरींत नायिकेची देवाविषयींची कल्पना पायरीपायरीनें बदलत जाते. मूर्तींतल्या देवापासून निघून ती ध्येयरूप देवापर्यंत येते. पण पहिल्या पायरीवरच्या श्रद्धेची लेखक कुचेष्टा करीत नाहीं. जी पायरी ओलांडली ती खोटी नव्हती, तिच्यावर पाय ठेवूनच वर येतां आलें, अशी त्यामागची दृष्टि आहे. १९३४ सालची 'इंदु काळे व सरला भोळे' ही तर संपूर्ण कादंबरी पत्रांतून लिहिलेली आहे. प्रत्येक पात्र आपल्या पत्रांत आपली बाजू आपल्या शब्दांत सांगतें. मध्यें उभा राहून 'हें बरोबर, हें चूक' असें सांगणारा निवेदकच नाहीं. कला आणि नीति यांचा कलह तींत आहे. स्त्री-पुरुषांच्या स्नेहाच्या मर्यादेचा प्रश्न आहे. न्यायाधीशाची खुर्ची लेखकानें रिकामी ठेवली आहे आणि तेथें वाचकाला बसविलें आहे. निःपक्षपाती वृत्तीला इतकी साजेशी रचना मराठी कादंबरींत क्वचितच आढळेल.

अशा वृत्तीवर आक्षेप येणें अपरिहार्य होतें, आणि ते आलेहि. वामन मल्हारांच्या प्रत्येक विधानामागून एक 'परंतु' येतो, त्यांचें वाक्य दोन पावलें पुढें जातें आणि एक मागें येतें, ते कोणत्याच पक्षाचे होत नाहींत, असें म्हटलें गेलें. कादंबरीकार म्हणून ते चर्चेंत इतके रमतात कीं, कथानक खोळंबून राहतें, ही तक्रारहि खोटी नाहीं. आणि याहून कठोर असाहि एक प्रश्न विचारतां येईल. हा समतोलपणा म्हणजे तुरुंगाचें भय तर नव्हे? एकदां हात पोळलेला मनुष्य पुढें विस्तवाजवळ जात नाहीं आणि आपल्या त्या सावधगिरीला 'विचार' असें नांव देतो, असें तर झालें नाहीं?

या प्रश्नाला उत्तर दिलें पाहिजे, आणि तें त्यांच्याच पद्धतीनें, म्हणजे आक्षेपांतील खरा भाग मान्य करून, दिलें पाहिजे. प्रत्यक्ष लढ्यांत भाग घेणाऱ्याला क्षणांत निर्णय घ्यावा लागतो; तेथें सतत दोन्ही बाजू पाहणारा सेनापति कामाचा नाहीं. परकी सत्तेशीं झगडणाऱ्या राष्ट्राला वीरांची गरज होती, आणि ती गरज प्राध्यापकांनीं भागली नसती, हें उघड आहे. परंतु भित्रेपणाचा आरोप वस्तुस्थितीशीं जुळत नाहीं. भिणाऱ्यानें सरकारशीं जुळतें घेतलें असतें. वामन मल्हार सरकारची मान्यता नसलेल्या विद्यापीठांत राहिले. भिणाऱ्यानें निरुपद्रवी विषय हातीं घेतले असते. त्यांनीं विवाह, धर्म, देव आणि स्त्रीचें स्वातंत्र्य हेच विषय हातीं घेतले, कीं ज्यांवर बोलल्यानें सरकार रागावत नसलें तरी शेजारीपाजारी, सोयरेधायरे आणि स्वतःच्याच पक्षांतले लोक रागावतात. सरकारचा रोष पत्करल्यास समाजांत मान तरी मिळतो. समाजाचा रोष पत्करणाऱ्यास तोहि दिलासा नसतो.

दुसरें असें कीं, निःपक्षपात आणि तटस्थपणा या दोन गोष्टी भिन्न आहेत; त्यांचीं नांवें मात्र आपण नेहमीं एकमेकांच्या जागीं वापरतों. तटस्थ मनुष्य निर्णय टाळतो, कारण निर्णयाची किंमत देण्याची त्याची तयारी नसते. निःपक्षपाती मनुष्य निर्णय देतो, पण दोन्ही बाजू ऐकून देतो, आणि ज्याच्या विरुद्ध तो दिला त्यालाहि 'माझें म्हणणें ऐकलें गेलें' असें वाटूं देतो. स्त्रियांचें शिक्षण असावें कीं नसावें, याविषयीं वामन मल्हार तटस्थ नव्हते. आपल्या आयुष्याचीं उत्तम वर्षें त्यांनीं त्या कार्याला दिलीं. तरीहि त्या कार्याला विरोध करणारा मनुष्य मूर्ख किंवा दुष्टच असला पाहिजे, असें त्यांनीं धरून चालविलें नाहीं. त्यांच्या न्यायबुद्धीचा अर्थ हा आहे.

या बुद्धीची ओळख महाराष्ट्राला त्यांच्या हयातींतच पटली होती. १९३० सालीं मडगांव येथें भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद त्यांना देण्यांत आलें. गोवा त्या वेळीं पोर्तुगीज अमलाखालीं होता. देशांत मिठाच्या सत्याग्रहाचें ते वर्ष. त्यानंतरच्या दशकांत मराठी साहित्यांत 'कलेसाठीं कला कीं जीवनासाठीं कला' हा वाद फार माजला. एका बाजूला ना. सी. फडके, दुसऱ्या बाजूला वि. स. खांडेकर, आणि प्रत्येक वाचक कोणत्या तरी छावणींत. वामन मल्हारांनीं सत्य, सौजन्य आणि सौंदर्य अशी तीन मूल्यें एकत्र पाहण्याचा आग्रह धरला. सौंदर्याला नीतीची दासी करूं नये, पण तें माणसाच्या जीवनाबाहेरचें कांहींतरी आहे असेंहि मानूं नये, अशी त्यांची भूमिका. तीन मूल्यांतील मधल्याला त्यांनीं 'सौजन्य' हें नांव द्यावें, हेंहि मोठें अर्थपूर्ण आहे. नुसती नीति कठोर होऊं शकते, इतरांना दोष देण्याचें साधन होऊं शकते. सौजन्य तसें होऊं शकत नाहीं. १९४० सालचा 'विचारसौंदर्य' हा त्यांचा निबंधसंग्रह याच विचारांचा परिपाक होय. विचारालाहि सौंदर्य असतें, हें त्या नांवानेंच सांगितलें.

२० जुलै १९४३ रोजीं वामन मल्हार निवर्तले. देश त्या वेळीं 'चले जाव' चळवळीच्या झळा सोशीत होता. विद्यार्थी तुरुंगांत होते आणि स्वातंत्र्य चार वर्षें दूर होतें. ज्या ध्येयासाठीं त्यांनीं तारुण्यांत शिक्षा भोगली, तें सिद्धीस गेलेलें पाहण्याचें भाग्य त्यांना लाभलें नाहीं. अमरावतीच्या वीर वामनरावांना मात्र तें लाभलें.

आतां पुन्हा चांदूर रेल्वेकडे वळण्यास हरकत नाहीं. या गांवच्या मुलाला आतां पदवीसाठीं नागपूर किंवा पुणें गांठण्याची सक्ति उरलेली नाहीं. १९८३ सालीं अमरावतीस विद्यापीठ झालें आणि महाविद्यालयें तालुक्यातालुक्यांत पोंचलीं. एकेका घरांत पदवीधरांच्या दोन दोन, तीन तीन पिढ्या झाल्या. पण शिक्षणाचा प्रसार झाल्यानें वादाची रीत आपोआप सुधारते असें नाहीं. निवडणुकीच्या दिवसांत एकाच ओसरीवर बसणारे दोन भाऊ एकमेकांशीं बोलेनासे होतात. जातीचा, धर्माचा वा पक्षाचा विषय निघाला कीं शिकलेलीं माणसेंहि प्रतिपक्षाचें वाक्य पुरें होऊं देत नाहींत. अशा वेळीं घरांत एक माणूस तरी असा असावा लागतो, कीं जो म्हणेल, 'तुझें म्हणणें मला पटत नाहीं. पण तें नीट सांग, मी ऐकतों.' बहुधा अशा माणसाला दोन्ही बाजूंचीं बोलणीं खावीं लागतात. वामन मल्हारांनींहि तीं खाल्लीं.

दोन वामनरावांपैकीं मोठा कोण, असा प्रश्न विचारला जाण्याचा संभव आहे. चांदूर रेल्वे मोठें कीं चांदूर बाजार, या प्रश्नाइतकाच तो व्यर्थ आहे. एकानें लोकांच्या मनांत अन्यायाविरुद्ध उठण्याचें बळ भरलें. उठलेल्या लोकांनीं आपसांत न्यायानें कसें वागावें, हें दुसऱ्यानें शिकविलें. पारतंत्र्यांत पहिल्याची निकड अधिक भासली, हें खरें. स्वातंत्र्य मिळाल्यावर मात्र दुसऱ्याची निकड दिवसेंदिवस वाढतच गेली आहे. परक्याशीं लढतांना शत्रु समोर असतो. स्वराज्यांत ज्याच्याशीं मतभेद होतो तो शेजारी असतो, भाऊ असतो, सहकारी असतो, आणि वाद संपल्यावर त्याच्याच बरोबर राहावयाचें असतें.